घारापुरीची लेणी पहिल्यांदा बघायला जाताना : पायरीपायरीने संपूर्ण माहिती

गेटवे ऑफ इंडियापासून पूर्वेला साधारण दहा-अकरा किलोमीटरवर घारापुरी, म्हणजेच एलिफंटा बेट आहे. लाँचने तासाभरात पोचता येतं, त्यामुळे बरेच जण दुपारी जेवून निघतात. भर उन्हात पायऱ्या चढून थकतात, त्रिमूर्तीसमोर फोटो काढतात आणि परतीची लाँच गाठतात. जगातल्या फार मोठ्या शिल्पांपैकी एक त्यांनी पाच मिनिटांत उरकलेलं असतं. हे टाळणं अवघड नाही. त्यासाठी योग्य वार, सकाळची वेळ आणि लेण्यात कुठून कुठे वळायचं याची थोडी आधी माहिती पुरते.

एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात ठेवा. हे नांदतं बेट आहे. ते रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात येतं आणि त्यावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत. समोर मुंबई झगमगत असताना इथे समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली ती थेट २०१८ साली. बेटावर एटीएम मिळेल, हवं ते औषध मिळेल, रात्री उशिराची लाँच असेल, यातली कोणतीच गोष्ट गृहीत धरू नका. पर्यटकांना तिथे मुक्काम करता येत नाही. सकाळी जायचं आणि संध्याकाळच्या आत परतायचं.

१. दिवस आणि हंगाम ठरवा

लेणी सोमवारी बंद असतात. ही पाटी गेटवेला पोचल्यावर वाचून परत फिरणारी कुटुंबं दर आठवड्याला दिसतात. शनिवार-रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्यांना गर्दी इतकी होते की मुख्य शिल्पासमोर शांतपणे उभं राहता येत नाही. मंगळवार ते शुक्रवार यांपैकी दिवस निवडा. महाशिवरात्रीला उरण-पनवेलच्या बाजूने भाविक मोठ्या संख्येने येतात. तो सोहळा पाहायचा असेल तर जरूर जा, पण शिल्पं नीट बघायची असतील तर तो दिवस टाळा.

हंगामाच्या दृष्टीने नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मे मध्ये जायचं तर पहिली लाँच धरून बारापर्यंत लेणी आटोपलीच पाहिजेत. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार असतात आणि गर्दीही कमी असते, पण वारा आणि लाटा वाढल्या की बंदर खातं लाँच थांबवतं. कधी सकाळी सुरू असलेली सेवा दुपारी बंद होते. जून ते सप्टेंबरात जाणार असाल तर मागेपुढे एक मोकळा दिवस ठेवा. त्याच दिवशी रात्रीची परतीची गाडी किंवा विमान ठेवू नका.

२. काय काय बरोबर घ्यायचं

कागदपत्रं :
– आधार किंवा दुसरं कोणतंही सरकारी ओळखपत्र. लेण्यांचं तिकीट भारतीयांना आणि परदेशी नागरिकांना वेगवेगळ्या दराचं असतं.
– परदेशी पासपोर्ट असलेल्या नातेवाइकांसाठी मूळ ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड. राष्ट्रीय स्मारकांच्या प्रवेशशुल्कात ओसीआयधारकांना भारतीयांइतकाच दर लागू आहे. कार्ड घरी राहिलं तर माणशी पाचशेहून अधिक रुपयांचा फरक पडतो.
– पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे. मूल तेरा-चौदा वर्षांचं आणि उंच असेल तर त्याचं ओळखपत्र जवळ ठेवा.

सामान :
– माणशी किमान एक लिटर पाणी, तेही बॅगेच्या आत.
– न घसरणारे बूट किंवा मागे पट्टा असलेल्या चपला. लेण्याची जमीन काही ठिकाणी ओलसर आणि गुळगुळीत असते.
– सुटे पैसे, दहा-वीसच्या नोटांत. बेटावरचा छोटा खर्च सगळा याच नोटांचा असतो आणि मोबाइलची रेंज कधीही दगा देते.
– टोपी आणि बोट लागत असेल तर त्यावरची गोळी. ही गोळी लाँच सुटायच्या अर्धा तास आधी घ्यावी लागते. मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग होत नाही.
– शक्य असेल तर छोटी दुर्बीण. शिल्पपटांच्या वरच्या भागातले विमानविहारी देव आणि गंधर्व नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाहीत.

खाण्याच्या पिशव्या हातात लटकवून नेऊ नका. त्याचं कारण चौथ्या टप्प्यात येईल.

३. गेटवेहून लाँच पकडा

सीएसएमटी किंवा चर्चगेटला उतरून टॅक्सी किंवा बसने गेटवेला या. आवारात शिरताना बॅगा तपासतात. रांग असेल तर त्यात पंधरा-वीस मिनिटं जातात. पहिली लाँच सकाळी नऊच्या सुमाराला सुटते, तेव्हा साडेआठला तिथे असा.

तिकीट खिडकीवरच घ्या. आवारात हातात तिकिटांचा गठ्ठा घेऊन ‘एलिफंटा, एलिफंटा’ म्हणत फिरणारे भेटतात. त्यातले काही अधिकृत असतात आणि काही बंदरातली फेरी गळ्यात मारतात. ही फेरी समुद्रात एक चक्कर मारून परत येते, बेटावर उतरवत नाही. पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा : ‘घारापुरीला उतरवणार ना, आणि परतीचं तिकीट यातच आहे ना?’ जाऊन-येऊन भाडं साधारण अडीचशे-तीनशे रुपयांच्या घरात असतं आणि ते अधूनमधून वाढतं. तिकिटाचा परतीचा भाग जपून ठेवा, संध्याकाळी तो दाखवल्याशिवाय लाँचवर घेत नाहीत.

धक्क्याला लाँच एकमेकींना खेटून बांधलेल्या असतात. त्यामुळे कधी एका लाँचवरून दुसरीवर पाय टाकून आपल्या लाँचवर जावं लागतं. अशा वेळी दोन्ही हात मोकळे हवेत. बॅग पाठीवर घ्या, लहान मुलाला आधी खलाशाच्या हाती द्या आणि लाट खाली बसल्यावर पाऊल टाका. साडी नेसलेल्या आज्जींना खलाशी व्यवस्थित हात देतात, फक्त घाई करायची नाही.

चढल्यावर लाइफ जॅकेट घाला आणि बकल लावा. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावर प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि जीवितहानी झाली. त्यानंतर जॅकेटची सक्ती आली आहे. जॅकेट मांडीवर ठेवलं तर त्याचा काही उपयोग नाही. जॅकेट कमी पडत असतील किंवा लाँच भरगच्च वाटत असेल तर पुढच्या लाँचने जा. फेऱ्या भरपूर असतात.

वरच्या डेकवर बसायला थोडे जादा पैसे घेतात. सकाळी तो खर्च वसूल होतो. गेटवे आणि ताज मागे सरत जातात, मग नौदलाच्या बोटी, तेलवाहू जहाजांचा धक्का असलेलं जवाहर द्वीप आणि समोर उरणकडच्या बंदराच्या क्रेन दिसतात. नौदलाच्या जहाजांवर कॅमेरा रोखू नका. ज्यांना बोट लागते त्यांनी खालच्या मजल्यावर मध्यभागी बसावं, तिथे हेलकावे कमी लागतात.

४. धक्का ते लेणी

लाँच शेतबंदरच्या लांबलचक धक्क्याला लागते. धक्क्यावरून पायऱ्यांच्या पायथ्यापर्यंत छोटी टॉय ट्रेन आहे. चालत गेलात तर दहा-बारा मिनिटं लागतात आणि ओहोटी असेल तर दोन्ही बाजूंच्या चिखलात बगळे टिपता येतात. पुढे ग्रामपंचायतीचा किरकोळ प्रवासी कर भरावा लागतो. ही फसवणूक नाही, पावती मिळते.

त्यानंतर सुमारे १२० पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकानं आणि डोक्यावर ताडपत्री, त्यामुळे ऊन फारसं लागत नाही. दुकानदार बोलावतात, पण चढताना काही घेऊ नका. दगडी हत्ती घेऊन लेणी बघत फिरणं त्रासाचं असतं, आणि उतरताना भावही जमतो. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी डोलीची, म्हणजे माणसांनी उचलून न्यायच्या खुर्चीची सोय असते. जायचं-यायचं मिळून किती, हे खुर्चीत बसण्याआधी ठरवून घ्या.

काकडी, कैरी, बोरं, ताक विकणाऱ्या गावातल्या बायका वाटेवर बसलेल्या असतात. जे खायचं ते तिथेच बसून खा. पायऱ्यांच्या वरच्या टोकापासून माकडांचं राज्य सुरू होतं. त्यांना पिशवीची सळसळ आणि रंगीत बाटली बरोबर ओळखता येते. हातातली बाटली ओढली तर सोडून द्या, ओढाताण केली की चावा बसतो. चावलं किंवा नखं लागली तर जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी मुंबईत सरकारी रुग्णालयात रेबीजची लस सुरू करा. माकडांना स्वतःहून काही देऊ नका. आज दिलेला वेफर उद्याच्या मुलाच्या हाताला ओरखडा होतो.

वर पुरातत्त्व खात्याची तिकीट खिडकी आहे. भारतीयांना ४० रुपये, परदेशी पाहुण्यांना ६०० रुपये. क्यूआर कोडने किंवा ऑनलाइन भरलं तर थोडी सूट मिळते, पण रेंज नसली तर रांगेत अडकता. म्हणून ऑनलाइन तिकीट आदल्या रात्री घरूनच काढा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. मार्गदर्शक घेणार असाल तर पर्यटन खात्याचं ओळखपत्र बघून घ्या आणि तो किती वेळ देणार तेही आधीच ठरवा.

५. लेणे क्रमांक एक : प्रदक्षिणेच्या क्रमाने बघा

बेटावर एकूण सात लेणी आहेत, पश्चिमेच्या डोंगरावर पाच आणि पूर्वेच्या डोंगरावर दोन. तुमच्या वेळेतला मोठा वाटा पहिल्या लेण्याला द्या, किमान दीड तास.

लेणं अखंड बेसॉल्ट खडकात खोदलेलं आहे आणि समोरून मागपर्यंत सुमारे ३९ मीटर खोल आहे. त्याला उत्तर, पूर्व आणि पश्चिम अशा तीन बाजूंनी उजेड मिळतो. तुम्ही आत शिरता ते उत्तरेकडून. बाहेरच्या उन्हातून आल्यावर आत पहिल्यांदा काळोखच वाटतो. दारातल्या खांबांपाशी दोन-तीन मिनिटं नुसते उभे राहा. डोळे सरावले की समोर दक्षिणेच्या भिंतीत मोठा चेहरा हळूहळू उमटायला लागतो. फ्लॅश किंवा मोबाइलचा टॉर्च मारू नका. या शिल्पांचा उठाव बाजूने येणाऱ्या उजेडावर बेतलेला आहे, समोरून झोत टाकला की सगळं सपाट दिसतं.

बहुतेक लोक थेट त्रिमूर्तीकडे धावतात. तुम्ही डावीकडून सुरुवात करा आणि देवळात घालतो तशी प्रदक्षिणा घाला. नऊ मोठे शिल्पपट ओळीने भेटतील.

दारातून शिरल्यावर डाव्या हाताला योगीश्वर शिव. कमळावर ध्यानस्थ, हात तुटलेले, कमळाचा देठ नागांनी धरलेला. काही अभ्यासक याला लकुलीश, म्हणजे पाशुपत या शैव पंथाचा प्रवर्तक मानतात. पुढे पूर्वेच्या दाराजवळ रावण कैलास हलवतो तो पट. बराच भंगलेला आहे, पण खाली जोर लावणारा रावण आणि वर निवांत बसलेले शिव-पार्वती यांतला विरोध अजून कळतो. त्याच बाजूला शिव-पार्वती सारीपाट खेळतात तो पट आहे. त्यात रुसून वळलेली पार्वती शोधा.

आता दक्षिणेची भिंत. डावीकडे अर्धनारीश्वर, नंदीवर कोपर टेकून कमरेत वाकलेला. एका बाजूचा रुंद खांदा आणि दुसऱ्या बाजूचा नितंबाचा बाक एकाच शरीरात इतक्या सहज उतरले आहेत की जोड कुठे आहे ते सापडत नाही. उजवीकडे गंगाधर. शिवाच्या डोक्यावर तीन तोंडांची गंगा उतरते आहे आणि शेजारी पार्वती उभी आहे.

आणि मध्ये सदाशिव, म्हणजे लोक त्रिमूर्ती म्हणतात तेच शिल्प, सुमारे २० फूट उंच. इथे सगळ्यात मोठा गैरसमज होतो. ‘ब्रह्मा-विष्णू-महेश’ असं अनेक जण सांगतात, काही मार्गदर्शकसुद्धा. तिन्ही मुखं शिवाचीच आहेत. तुमच्या डाव्या हाताचं मुख अघोराचं : कपाळाला आठी, ओठावर मिशा, मुकुटात कवटी, हातात साप. उजव्या हाताचं वामदेवाचं, स्त्रीसुलभ कोमल, हातात कमळ. मधलं तत्पुरुष, डोळे मिटल्यासारखे, उंच जटामुकुट. समोरून पाहून झालं की मागे सरत सरत उत्तरेच्या दारापर्यंत जा आणि खांबांच्या रांगेतून पुन्हा बघा. मग डाव्या-उजव्या टोकाला जाऊन बाजूची मुखं स्वतंत्र बघा. अघोर आणि वामदेव यांचं खरं रूप समोरून नव्हे, बाजूने कळतं. रेलिंगच्या आत हात घालू नका. हातांचा घाम आणि तेल दगडावर बसतं आणि ते निघत नाही.

तिथून पश्चिमेकडे वळा. कल्याणसुंदर म्हणजे शिव-पार्वतीचं लग्न. वधू शिवाच्या उजव्या हाताला उभी आहे, कारण विधी अजून पूर्ण झालेला नाही. इतर पटांत ती डावीकडे असते. ब्रह्मदेव भटजी होऊन बसले आहेत आणि वडील हिमवान मुलीला पुढे आणत आहेत. पार्वतीची खाली गेलेली नजर बघायला विसरू नका. यानंतरचा अंधकासुरवध अगदी उलट स्वभावाचा आहे. दात विचकलेला, अनेक हातांचा शिव, वर पसरलेलं हत्तीचं कातडं, रक्त धरायला वाटी. पाय तुटले आहेत तरी झेप जाणवते. शेवटी उत्तरेच्या दाराशी, योगीश्वराच्या बरोबर समोर, नटराज. एकाच दाराच्या दोन्ही बाजूंना एक पूर्ण स्थिर शिव आणि एक पूर्ण गतिमान शिव बसवला आहे. प्रदक्षिणा योगीश्वरापासून सुरू केली की ही रचना आपोआप ध्यानात येते.

लेण्याच्या पश्चिम भागात चार दारांचं चौकोनी गर्भगृह आहे. आत शिवलिंग, प्रत्येक दाराला दोन असे आठ द्वारपाल. हे द्वारपाल पुष्कळ लोक न बघताच जातात. चारही बाजूंनी फिरा, प्रत्येकाची उभं राहण्याची ढब वेगळी आहे. पूर्वेच्या अंगणापलीकडच्या उपमंदिरात गणपती, कार्तिकेय आणि मातृका (मातृदेवता) आहेत. तिथे गर्दी जवळपास नसते.

मूर्ती इतक्या का भंगल्या, हे प्रत्येक जण विचारतो. पोर्तुगीज सैनिकांनी इथे मोडतोड आणि गोळीबार केल्याचं सांगितलं जातं. त्याशिवाय शेकडो वर्षं झिरपणारं पाणी, ढासळलेले खांब आणि नुसतं दुर्लक्ष यांनीही नुकसान केलं. काही खांब पुढे दुरुस्त केलेले आहेत, जुन्या खांबांच्या शेजारी ते ओळखू येतात. इथे एक शिलालेख होता, तो पोर्तुगिजांनी मायदेशी पाठवला आणि तिथे हरवला. म्हणून लेणं नेमकं कुणी खोदवलं याबद्दल एकमत नाही. सहाव्या शतकाचा मध्य आणि कलचुरी राजवट असं बरेच अभ्यासक मानतात, कारण बेटावर कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी मिळाली आहेत. दुसरं नाव कोकणातल्या मौर्यांचं घेतलं जातं. कुणी ‘पांडवांनी एका रात्रीत’ असं सांगू लागलं तर लोककथा म्हणून ऐका.

दगडावर नाव कोरणं किंवा लिहिणं हा १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मुलांना लाँचमध्येच हे समजावून सांगा.

६. बाकीची लेणी, माहिती दालन आणि तोफा

पहिल्या लेण्याच्या आवारात पुरातत्त्व खात्याचं छोटं माहिती दालन आहे. मूर्तींची अपेक्षा ठेवू नका, तिथे छायाचित्रं आणि फलक आहेत. लेण्यात शिरण्याआधी दहा मिनिटं दिलीत तर शिल्पपटांचा नकाशा डोक्यात बसतो.

लेणी दोन ते पाच त्याच डोंगराच्या कडेने जाणाऱ्या फरसबंद वाटेवर आहेत. अर्धवट राहिलेली, साधी लेणी आहेत, अर्धा तास पुरे. पण अर्धवट लेणंच खोदकामाची रीत शिकवतं. छिन्नीचे घाव, सोडून दिलेले खांब, पाण्याने खाल्लेला खडक हे सगळं इथे उघडं दिसतं.

पूर्वेच्या डोंगरावर विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि लेणी सहा व सात आहेत. तिकडची वाट दाट झाडीतून जाते आणि कधी बंद ठेवलेली असते. पहारेकऱ्याला विचारल्याशिवाय आणि एकट्याने जाऊ नका.

पश्चिमेच्या डोंगरमाथ्यावर ब्रिटिश काळातल्या दोन मोठ्या तोफा आहेत. चढ वीसेक मिनिटांचा आहे, सावली कमी. बारानंतर उन्हाळ्यात हा बेत सोडून द्या.

७. जेवण आणि परती

लेण्यांजवळ आणि पायऱ्यांच्या वाटेवर गावकऱ्यांची छोटी हॉटेलं आहेत, तिथे मासळीचं किंवा शाकाहारी ताट मिळतं. मासे ताजे कोणते आहेत हे विचारूनच सांगा. प्लास्टिकचा कचरा परत मुंबईला न्या, कारण बेटावर टाकलेलं सगळं शेवटी खाडीत जातं.

परतीची शेवटची लाँच साडेपाचच्या आसपास असते, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. चारनंतर धक्क्यावर रांग वाढते. दोन ते तीनच्या दरम्यान निघालात तर बसायला जागा मिळते.

८. बेटावरून गेलेल्या गोष्टी मुंबईत बघा

घारापुरी बेटावरच संपत नाही. इथल्या काही मूर्ती छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. त्यातली महिषासुरमर्दिनी भंगलेली असूनही तिच्यापुढे थांबावं लागतं. गेटवेपासून हे संग्रहालय दहा मिनिटांच्या चालीवर आहे आणि संध्याकाळी सहापर्यंत उघडं असतं. दुपारी तीनच्या आत लाँचने परतलात तर त्याच दिवशी शिल्पदालन बघून होतं. लेण्यात दहा फुटांवरून पाहिलेली ती शैली इथे हातभर अंतरावरून दिसते.

राजबंदरच्या किनाऱ्यावर पूर्वी मोठा दगडी हत्ती उभा होता. त्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८१४ साली त्याची मान आणि डोकं गळून पडलं. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, तेव्हा उचलताना साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे १९१४ मध्ये जोडून उभे केले. आज तो भायखळ्याला जिजामाता उद्यानात (राणीच्या बागेत), डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या इमारतीशेजारी आहे. भायखळा स्थानकाच्या पूर्वेकडून चालत दहा-पंधरा मिनिटं. अंगावरच्या जोडाच्या रेषा जवळून दिसतात.

वार जुळवताना एवढं बघा : घारापुरी सोमवारी बंद, राणीची बाग आणि तिथलं संग्रहालय बुधवारी बंद. बाहेरगावाहून दोन दिवसांसाठी येणार असाल तर गुरुवारी घारापुरी आणि शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, शुक्रवारी सकाळी भायखळा आणि दुपारी लोकलने जोगेश्वरीची लेणी हा क्रम बसतो. जोगेश्वरीचं लेणं घारापुरीच्याच काळातलं आणि तेवढ्याच मोठ्या आवाक्याचं आहे, फक्त पाण्याने फार झिजलंय. पुढे कधी वेरूळला गेलात तर २९ क्रमांकाचं लेणं सोडू नका. त्याची मांडणी घारापुरीची आठवण करून देते, आणि तिथले शिल्पपट तुम्हाला आता नावाने ओळखता येतील.